प्रक्षेप आणि प्रक्षेपक

परिभाषा कोशात ‘प्रोजेक्टर’ या शब्दासाठी ‘प्रक्षेपक’ असा प्रतिशब्द दिलेला असतो. महाविद्यालयात तो कोणी वापरीत नाही. डेडस्टॉक रजिस्टरात ‘एलसीडी प्रोजेक्टर, नग १’ अशी नोंद होते आणि बोलताना सगळे नुसते ‘एलसीडी’ म्हणतात. मग त्या यंत्रात एलसीडी असो वा नसो. मराठीच्या अध्यापकाला मात्र ‘प्रक्षेपक’ हा शब्द वाचला की प्रथम यंत्र आठवत नाही. त्याला आठवतात त्या प्रक्षिप्त ओव्या. मूळ संहितेत नसलेले, मागाहून कोणी तरी घातलेले, ते प्रक्षिप्त; आणि असा प्रक्षेप करणारा तो प्रक्षेपक. कोशकारांच्या मनात हा श्लेष नसणार. पण एका यंत्राचा स्थानिक इतिहास पाहू लागले की हा श्लेष अगदीच पोकळ वाटेनासा होतो.

स्थानिक म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याचा. २०२४ पर्यंत तो कागदोपत्री अहमदनगर होता. बोलण्यात नगर होता आणि अजून आहे. प्रक्षेपाची चर्चा करायला याहून उचित जागा नाही. याच जिल्ह्यातील नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तेथून जवळच, गोदावरीच्या पलीकडे पैठणला, शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत पोथी हातोहात फिरली, नकलून घेतली गेली, आणि नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले. कोणी शब्द सोपा केला, कोणी गळलेला चरण स्वतःच्या अंदाजाने भरला. पाठ शुद्ध केल्यावर यात कोणी आपली ओवी घालू नये, असा इशारा नाथांना द्यावा लागला, यावरूनच घालणारे किती असतील याची कल्पना येते. हे प्रमाद केवळ अज्ञानाने झाले असे समजणे अन्यायाचे होईल. पोथी वाचणारा समोरच्या श्रोत्यांना ती सांगत असे, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी संहिता नेहमीच थोडी हलते.

चित्रांचेही तसेच होते. ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे आज आपण संग्रहालयात किंवा पुस्तकात मूक अवस्थेत पाहतो. मुळात ती मूक नव्हती. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगे. रात्री दिव्याच्या उजेडात सांगे. चित्र तेच राही आणि कथा गावागणिक लांबे वा आटोपे. चित्र, दिवा आणि दिव्याशेजारी बसून बोलणारा माणूस ही तिन्ही अंगे मिळून तो खेळ होता. यांपैकी तिसरे अंग पुढे कसकसे बदलत गेले, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकात दिवा चित्राच्या मागे गेला. जादूचा कंदील, म्हणजे काचेवरील चित्रातून उजेड पाठवून ते भिंगाने पडद्यावर मोठे करणारी पेटी, हे देशोदेशींच्या मिशनऱ्यांचे नेहमीचे प्रचारसाधन होते. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. ना. वा. टिळकांचे वास्तव्य येथेच होते आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे तो काळ मराठी वाचकाला घरचा वाटतो. या मिशनच्या परंपरेत ख्रिस्ती कीर्तन रुजले, ही गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. कथा ऐकायला जमलेल्या माणसाला नुसते चित्र वा नुसते प्रवचन पुरत नाही. त्याला सांगणारा हवा असतो, हे परक्या प्रचारकांनाही उमगले होते.

याच यंत्राला आपल्या मंडळींनी स्वतःचे रूप दिले ते कल्याणला. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९० च्या दशकात काचांवर हाताने चित्रे रंगवून ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. जादूच्या कंदिलाला दिलेले हे भारदस्त संस्कृत नाव. (नामकरणाच्या बाबतीत त्या पिढीचा हात धरणे कठीण!) एकामागून एक काचा सरकवून हालचालीचा भास निर्माण केला जाई आणि सोबतीला निवेदन व संगीत असे. तंत्र विलायती, पण बैठक चित्रकथ्याची.

पुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या सिनेमातोग्राफचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादांनी ते यंत्र मागवून घेतले आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला, म्हणजे नगर जिल्ह्याच्या शेजारी. हे सारे चित्रपट मूक म्हणायचे, पण प्रेक्षागृह मूक नसे. पडद्यावर येणाऱ्या पाट्या ज्याला वाचता येत तो शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाची आणि पडद्याजवळ पेटी-तबला चाले. जपानमध्ये अशा निवेदकाला ‘बेन्शी’ हे नाव आणि मानमरातब मिळाला. आपल्याकडे तो प्रेक्षकांतलाच कोणी तरी होता, म्हणून त्याला नाव मिळाले नाही.

मूळ संहितेच्या अभ्यासकाला येथेच एक ठेच लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जी रिळे पाहायला मिळतात ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रणाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे मराठी माणसाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचीही ‘आद्य प्रत’ आपल्या हाती नाही.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा दाखला येथे हवाच. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी आधी एक प्रोजेक्टर मिळवून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. दाखवता दाखवता त्यांनी यंत्र उघडून समजून घेतले आणि त्या समजुतीवर स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. कॅमेरा १९१८ मध्ये पुरा झाला. त्या खटपटीत बाबूरावांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचा एक कारागीर होता. पुढे ‘प्रभात’मध्ये ध्वनीची बाजू सांभाळणारे आणि शेख फत्तेलाल यांच्यासह १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करणारे ते हेच दामले. मराठीतील या महत्त्वाच्या संतपटाची मुळे अशी एका खोललेल्या यंत्रापर्यंत जातात. जे यंत्र बिघडल्यावर उघडता येते त्यातून दुसरे काही घडवता येते. पुढे जे सांगायचे आहे ते याच गोष्टीशी निगडित आहे.

बोलपट आले आणि त्यांच्यासोबत ‘टॉकी’ हा शब्द आला. ‘टुरिंग टॉकीज’ हा त्याचाच फिरता अवतार. पीक निघाल्यावर जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि नगर जिल्ह्यात जत्रांना तोटा नाही. पौष पौर्णिमेला पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यात मढीच्या कानिफनाथांची, जिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. सिनेमाचा तंबू महाराष्ट्रभर अशाच जत्रांमागून फिरे. ट्रकमध्ये कनाती, बांबू, पडदा, भोंगे, जनरेटर आणि मशीन. होय, ‘मशीन’. टुरिंगच्या जगात प्रोजेक्टरला हेच नाव, जणू जगात दुसरे मशीनच नाही. पडदा मध्ये ताणून दोन्ही बाजूंना माणसे बसल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. उलट्या बाजूच्या प्रेक्षकांना सारे नायक डावखुरे दिसत आणि पाट्या आरशातल्यासारख्या दिसत, पण त्यामुळे कोणाचे काही अडत नसे.

हे मशीन चाले कसे, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण त्याचे बिघाड त्याच्या चालण्यातच दडलेले होते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस दाखवायच्या असतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट लागते, आणि ही सारी रिळे लोखंडी पेटीत घालून गावोगाव जात. ‘पेटी आली का?’ हा टॉकीजवाल्यांचा रोजचा प्रश्न असे. फिल्म अखंड सरकत राहिली तर पडद्यावर नुसता गढूळ प्रवाह दिसेल. म्हणून प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर थांबवून पुढची ओढावी लागते. हे काम चार खाचांचे एक तारांकित चाक करते. वरची व खालची चक्रे अखंड फिरतात, मधले थांबत थांबत फिरते, आणि या दोन गतींचा मेळ बसावा म्हणून फिल्मला वर व खाली एकेक सैल वळण ठेवलेले असते. काठाचे भोक फाटले की हे वळण गिळले जाते, चित्र थरथरते आणि मशीनचा आवाज बदलतो. कसलेला ऑपरेटर पडद्याकडे पाहण्याआधी आवाजावरून हे ओळखी. दिवा म्हणजे दोन कार्बनकांड्यांच्या टोकांमध्ये पेटलेली ठिणगी. कांड्या जळून आखूड होतात, अंतर वाढते, उजेड मंदावतो. म्हणून दर थोड्या वेळाने हाताने त्या जवळ आणाव्या लागत. चौकट घसरून नायकाचे पाय वर आणि डोके खाली दिसू लागले की प्रेक्षकांतून आरोळी उठे, आणि एक मूठ फिरवली की पाय खाली येत. फिल्म अडकून दिव्यासमोर थांबली तर काही क्षणांत तिला भोक पडे. पडद्यावर तपकिरी डाग उमलताना साऱ्या गावाला दिसे. जुनी नायट्रेटची फिल्म असेल तर तंबूच पेटण्याची भीती.

तुटलेली फिल्म जोडताना जळका भाग कापावा लागतो. प्रत्येक जोडाला निदान चौकट-दोन चौकटी खर्ची पडतात. त्यातही एक गंमत आहे. ध्वनीची पट्टी चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापलेली असते, कारण मशीनमध्ये फिल्म आधी भिंगासमोरून आणि मग ध्वनीच्या खिडकीसमोरून जाते. म्हणून जोड आला की आधी चित्र उडी मारते आणि पाऊण सेकंदाने शब्द तुटतो. कापलेला तुकडा एकच, पण चित्र एका जागचे गळते आणि बोलणे दुसऱ्या जागचे. कोणत्याही हस्तलिखितात असा दुहेरी लोप आमच्या पाहण्यात नाही.

शहरांतून झिजून उतरलेली प्रत तालुक्याला येई, तेथून तंबूत जाई. प्रत्येक मुक्कामी ती थोडी आखूड होई. कोणाला तरी आवडलेल्या गाण्याच्या चौकटी नाहीशा होत. खेळ रात्री उशिरा सुरू झाला तर एखादे रीळ गाळले जाई. क्वचित दुसऱ्याच चित्रपटाचे गाणे मध्ये घुसडले जाई. म्हणजे मढीच्या जत्रेत पाहिलेला ‘संत तुकाराम’ आणि पुण्यात पाहिलेला ‘संत तुकाराम’ ही एकाच ग्रंथाची दोन हस्तलिखिते म्हणायला हरकत नाही. लोप, स्थलांतर आणि प्रक्षेप, पाठचिकित्सेत आम्ही शिकवतो ते सारे प्रकार येथे सापडतात; आणि ते करणारा हात केबिनमध्ये कार्बनच्या धुरात बसलेला असे. शिवाय फिल्म तुटून अंधार झाला की त्या मिनिटा-दोन मिनिटांत तंबूचा मालक भोंग्यावरून बोले; पुढची कथा काय, उद्याचा खेळ कोणता, जागा सोडू नका. चित्रकथ्याचा वारसा अशा अंधारात थोडा वेळ जागा होत असे.

या काळाचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. केबिन म्हणजे भट्टी होती. ऑपरेटरचा पगार बेताचा, झोपेचे खोबरे, आणि श्रेयनामावलीत नाव असण्याचा प्रश्नच नाही. खेडेगावातल्या प्रेक्षकाला पहिल्या पावसात धुतलेली, ओरखड्यांनी भरलेली प्रत मिळे, तीही शहरानंतर कित्येक महिन्यांनी. संहितेतील पाठभेद अभ्यासकाला मोलाचे वाटतात. तिकीट काढून बसलेल्याला शेवटचे रीळच न मिळाले तर त्याला ते मोलाचे वाटत नाहीत.

म्हणून अंकीय प्रक्षेपणाचे स्वागत झाले ते रास्तच झाले. २००५ च्या सुमारास यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहामार्गे चित्रपट थेट टॉकीजमधील सर्व्हरवर पाठवायला सुरुवात केली, आणि २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात फिल्मच्या पेट्या जवळजवळ बंद झाल्या. महागड्या प्रिंटांची अट गेल्यामुळे मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी मुंबईत आणि तालुक्याच्या गावी लागू शकला. प्रत झिजेनाशी झाली. गाणे कापले जाईनासे झाले. पाठ निश्चित झाला; नाथांना हवा होता तसा. पण चित्रपट आता कुलूपबंद असतो. परवाना त्या खेळापुरता उघडतो, प्रत्येक खेळाची नोंद राहते, आणि काही बिनसले तर मशीन उघडण्याचा प्रश्नच उरत नाही. बिघाड केबिनमध्ये नसतो. तो कोठे तरी दूर, परवान्यात, संकेतात, जोडणीत असतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील टुरिंग टॉकीजवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गंजलेली मशीने, ती आयुष्यभर दुरुस्त करणारा एक कारागीर आणि तंबूत येऊन पडलेला नवा डिजिटल प्रोजेक्टर यांची ती कथा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा.

आता वर्गाकडे वळू. तंबूत जे घडले तेच, थोड्या उशिरा आणि थोड्या विनोदी रूपात, मराठीच्या वर्गात घडले. आमच्या पिढीने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजच्या उद्बोधन वर्गांत ओएचपी पाहिला. पारदर्शक कागदावर स्केचपेनने लिहायचे आणि तो काचेवर ठेवायचा. उलटा ठेवला तर हाताने सुलटा करायचा. त्याचा दिवा गेला तर शिपाईमामा दुसरा बसवीत. पुढे नॅकची समिती येणार म्हणून महाविद्यालयांनी डिजिटल प्रोजेक्टर घेतले. समिती पाहून गेली, प्रोजेक्टर कपाटात गेला, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते सेवानिवृत्त झाले, अशी कथा अनेक महाविद्यालयांतून ऐकू येते.

जेथे तो कपाटाबाहेर राहिला तेथे त्याचे बिघाड कळले. जुन्या मशीनचा बिघाड जेथे घडे तेथेच दिसे. या यंत्राचा बिघाड बहुधा दोन यंत्रांच्या आपसातील बोलण्यात असतो. संगणकाने प्रोजेक्टरला विचारायचे, तुला किती ठिपके दाखवता येतात? त्याने सांगायचे, आडवे १०२४, उभे ७६८. मग संगणकाने तेवढेच पाठवायचे. तार सैल असली, जोडण्याचा क्रम चुकला, की हा संवाद होत नाही आणि पडद्यावर निळ्या रंगात ‘नो सिग्नल’ येते. उपाय साधे आहेत: प्रोजेक्टर आधी सुरू करावा, संगणक मागाहून, प्रोजेक्टरवर योग्य मार्ग निवडावा, संगणकाला दोन्हीकडे एकच चित्र दाखवायला सांगावे. जुन्या पंधरा टाचण्यांच्या तारेने चित्र गुलाबी वा पिवळे दिसू लागले तर एक टाचणी वाकलेली आहे असे समजावे. तीन मूळ रंगांपैकी एक वाटेत गळाला. वीज गेली की खरी पंचाईत. या यंत्राच्या दिव्यात दाबाखालचा पाऱ्याचा वायू असतो. तो तापलेला असताना पुन्हा पेटत नाही, आणि पंखा अचानक बंद पडला तर दिव्याचे आयुष्य घटते. दोन ते चार हजार तासांचा हा दिवा महाग. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत नगर जिल्ह्यातील खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. तेव्हा युपीएसशिवाय प्रोजेक्टर लावणे म्हणजे दिवा जाळून टाकण्यासारखेच होते. आणि धूळ. कर्जत-जामखेडकडच्या उन्हाळ्यात वाऱ्याच्या झरोक्याची जाळी महिन्यात भरते, आतले तापमान चढते, यंत्र आपणहून बंद होते, आणि सारे म्हणतात ‘एलसीडी खराब झाला’. जाळी काढून झटकली तर तो चालू होतो. उघडता येण्याजोगा हा बहुधा शेवटचा भाग उरला आहे.

पण मराठीच्या अध्यापकाचे खरे दुःख देवनागरीचे होते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येक संचाची अक्षरे संगणकात वेगवेगळ्या संकेतांनी साठवलेली. घरी रात्रभर बसून केलेले सादरीकरण महाविद्यालयाच्या संगणकावर, तो फाँट नसल्यामुळे, रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणांच्या रूपात आठ फुटी पडद्यावर उमटे. युनिकोड आले, तरी जुन्या विंडोजमध्ये भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागे. नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे येण्याऐवजी मागे बसे आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेल्या अक्षरांची रांग दिसे. मराठीचा खास ‘ऱ्य’ तर कित्येक दिवस वनवासी होता. त्याच्या जागी रफार आला की ‘आचाऱ्यांना’ वाढायला सांगितलेले जेवण ‘आचार्यांना’ वाढावे लागे! लेखनिकाच्या हातून होणारे प्रमाद आता यंत्राच्या हातून होऊ लागले. फरक इतकाच, की लेखनिकाचा प्रमाद अर्थ लागेल अशा दिशेने होत असे, यंत्राच्या प्रमादाला दिशाच नव्हती.

आणखी एक प्रमाद अधिक सूक्ष्म आहे. प्रोजेक्टर टेबलावर ठेवून, पुढच्या पायाखाली वही सारून, तोंड वर केले की चौकोन वर रुंद, खाली अरुंद होतो. तो सरळ करायला ‘कीस्टोन’ची कळ असते. ती दाबली की चौकट सुबक होते. पण यंत्र ठिपके आकसून-वगळून ही सुबकता आणते, आणि बारीक रेषा त्यात मार खातात. देवनागरीत सर्वांत बारीक काय? अनुस्वार. शेवटच्या बाकावरून ‘संत’ ‘सत’ दिसतो. यावर उपाय कळ दाबण्याचा नाही, यंत्र पडद्याच्या समोर, मध्यावर, योग्य उंचीवर सपाट ठेवण्याचा आहे. संगणकाची ठिपक्यांची संख्या प्रोजेक्टरच्या मूळ संख्येशी जुळवण्याचा आहे. आणि लेखन फाँटसह बांधलेल्या पीडीएफमध्ये नेण्याचा आहे. हे सारे दहा मिनिटांचे काम, आणि ही दहा मिनिटे तास सुरू होण्याआधीची असली पाहिजेत.

ती नसतात, हे खरे. आणि मग वर्गात अंधार करून, साठ मुले समोर बसवून, मामांना हाका मारल्या जातात. येथे तंबूच्या मालकाची आठवण व्हावी. फिल्म तुटली की त्याला बोलता येत असे. आज पडदा निळा झाला की आमच्यातील बरेच जण गप्प होतात, कारण बोलायचे ते सारे पडद्यावरच लिहून ठेवलेले असते. चित्र, दिवा आणि सांगणारा यांपैकी सांगणाऱ्याने आपले काम दिव्यावर सोपवले, असा याचा अर्थ होतो. ओळींमागे ओळी दाखवून त्याच वाचून दाखवणे म्हणजे मूकपटाच्या पाट्या वाचणाऱ्या प्रेक्षकाची जागा घेणे. फरक असा, की त्याच्या शेजाऱ्याला वाचता येत नव्हते, आमच्या विद्यार्थ्यांना येते.

२०१५ नंतर ‘डिजिटल शाळां’च्या लाटेत जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले. त्यांपैकी काही वीजबिलाअभावी अंधारात राहिल्याच्या बातम्याही येत राहिल्या. पण कवितेतील ओढा दाखवताना प्रोजेक्टर थांबवून आपल्या गावचा ओढा वर्णन करायला लावणारा शिक्षक जेथे आहे तेथे यंत्र उपकारकच ठरले आहे. तो शिक्षक प्रक्षेप करतो, दोन्ही अर्थांनी.

मराठी विभागांपुढे यातून एक सरळ काम उभे राहते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून रिळे जपते आहे. रिळे चालवणाऱ्यांचे बोलणे मात्र फारसे जपले गेलेले नाही. जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांतून जुने ऑपरेटर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी दरवर्षी तेच ते कादंबरीकार निवडण्याऐवजी दोघा-चौघा विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे जावे. केबिनमधील बोली टिपून घ्यावी. भागांची, बिघाडांची, जोडांची नावे. कोणत्या जत्रेत कोणता चित्रपट किती वर्षे चालला, कोणते रीळ गाळले तर लोक चिडत आणि कोणते गाळले तर कोणाच्या लक्षात येत नसे, फिल्म तुटल्यावर भोंग्यावरून काय सांगितले जाई, हे विचारावे. आणि कापलेल्या तुकड्यांचे काय होई, तेही विचारावे. त्याचे अर्धे उत्तर त्या काळची मुले देऊ शकतील. तंबू उठल्यावर मागे पडलेल्या चौकटी ती वेचून नेत, उडालेल्या दिव्याचा गोळा पाण्याने भरून त्याचे भिंग करीत, आरशाने उन्हाचा कवडसा खोलीत घेत आणि घरातल्या धोतरावर एकेक चौकट दाखवीत असत. तिकीट दोन चिंचोके; आणि चौकट हलत नसल्याने पुढची कथा दाखवणाऱ्याने तोंडाने सांगायची.